हौशी बँडबरोबर क्लॅरिनेट सोलो: काय निवडावं?

खालचा_ई
मंडळी, सल्ला हवाय. बडोद्यातल्या आमच्या हौशी बँडचा ११ मार्चला, सयाजीराव महाराजांच्या जयंतीला, बागेत संध्याकाळी उघड्यावर कार्यक्रम करायचं घाटतंय. त्यात एक क्लॅरिनेट सोलो हवा, फार तर सहा मिनिटांचा.

ताफा असा: क्लॅरिनेट ५ (सोलो धरून), बासरी २, आल्टो सॅक्स ३, टेनर १, ट्रम्पेट ४, ट्रॉम्बोन २, युफोनियम १, तालवाद्यं ३. एकूण २१. ट्यूबा नाही. तालमीला नऊ रविवार, प्रत्येकी दोन तास, आणि त्यात बाकीचे सात तुकडेही बसवायचेत.

सोलो वाजवणारीकडे बी फ्लॅट, बोहम पद्धतीचं (आज सर्रास दिसणाऱ्या की-रचनेचं) लाकडी क्लॅरिनेट आहे. वरच्या डी-पर्यंत भरवसा, त्याच्या वर नशीब. चार सूचना आल्यात: वेबरचा कॉन्चेर्तिनो, मोझार्टच्या कॉन्चेर्तोतला संथ भाग, एखादं नाट्यपद, किंवा गरब्यांची माळ. कशावरून ठरवावं?

सेव_उसळ
गरबा घ्या. टाळ्या आपोआप पडतात.

काळी_पाच
टाळ्या पडतील, पण पहिल्या मिनिटापासून, आणि त्या हींच या गरब्याच्या ठेक्यात. लोक उठून फेर धरतील, सोलो ऐकणार कोण?

खालचा_ई, आधी सोलोवादकाकडे नका बघू, तुमच्या तिसऱ्या क्लॅरिनेटकडे आणि एकुलत्या युफोनियमकडे बघा. हौशी बँडात सोलो बुडतो तो बहुतेकदा मागच्यांमुळे. सोलोवाली घरी रोज तासभर घासते, मागचे लोक आपली प्रत रविवारीच उघडतात.

म्हणून वेबर बाद. १८११ साली वेबरने तो क्लॅरिनेटवादक हाइनरिख बेअरमानसाठी लिहिला, स्वर ई फ्लॅट, लांबी नऊ मिनिटांच्या आसपास. सहा मिनिटांत बसवायचा तर एखादं व्हेरिएशन काढता येतं, पण शेवटचा सहा-आठचा धावता भाग काढला तर तुकड्याला शेपूटच राहत नाही. आणि बँड मागे पडतो तो नेमका तिथेच. साथीतले ते छोटे ठोके ट्रॉम्बोनकडे गेले की प्रत्येक वेळी पाव मात्रा उशिरा.

फुंकर
वेबरबद्दल सहमत. पण बँडबरोबर वाजवायचंच तर मुळात बँडसाठी लिहिलेलं का नको? रिम्स्की-कोर्साकोव्हचा क्लॅरिनेट आणि मिलिटरी बँडसाठीचा कॉन्चेर्टश्ट्यूक आहे, १८७८ चा. तो माणूस रशियन नौदलाच्या बँडांचा निरीक्षक होता, साथ कशी लिहायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ऑर्केस्ट्राचं बँडीकरण करताना व्हायोलिनच्या ओळी क्लॅरिनेटच्या गळ्यात पडतात आणि सोलोचा रंग साथीतच विरघळतो. इथे ती भानगड नाही.

काळी_पाच
तुकडा उत्तम, पण मिलिटरी बँड म्हणजे हॉर्न आले, खालचा बास आला. एकवीस जणांत ट्यूबा नसताना खालची ओळ कोण सांभाळणार? शिवाय सोलोची प्रत वरच्या डी-ला थांबत नाही.

मंद्र_धैवत
मोझार्टच्या बाजूने थोडं बोलतो. कॉन्चेर्तो १७९१ चा, ए क्लॅरिनेटसाठी, म्हणजे लिहिलेला सी वाजवला की ए ऐकू येतो असं वाद्य; बी फ्लॅटवर तोच सी बी फ्लॅट ऐकू येतो. लोक इथेच घाबरतात, की आपल्याकडे ए क्लॅरिनेट नाही. गरजच नाही. संथ भागात सोलोची प्रत एफ मेजरमध्ये आहे. तीच प्रत बी फ्लॅट क्लॅरिनेटवर वाजवली की ऐकू येतो ई फ्लॅट मेजर, बँडच्या आवडीचा. साथीच्या प्रती ई फ्लॅटच्या असल्या की झालं. विकत किंवा उतरवून घेताना पहिल्या पानावर तेवढं तपासा. डी मेजरच्या प्रती आल्या तर आल्टो सॅक्सला पाच शार्प लागतात आणि पहिला रविवार तिथेच संपतो.

युफोनियमवाला
पण त्यात ट्रम्पेटचं काय? मोझार्टने त्या कॉन्चेर्तोत ट्रम्पेट घातलेच नाहीत, ओबोसुद्धा नाहीत. फक्त बासऱ्या, बसून, हॉर्न आणि तंतुवाद्यं. तुमचे चार ट्रम्पेट सात-आठ मिनिटं मांडीवर वाद्य ठेवून बसणार, वाद्य थंड पडणार आणि पुढच्या तुकड्याचा पहिला सूर उतरलेला लागणार. त्यांना काहीतरी द्यायचं म्हणून अरेंजर साथीत घुसवतो, मग संथ भागाचा लग्नाच्या वरातीतला संथ भाग होतो.

आणि सात-आठ मिनिटं हे मुळात सहाच्या वर आहे.

दांडिया_बाजार
एवढ्या चर्चेत नाट्यपद राहिलंच. बडोद्यात, मराठी माणसांपुढे, महाराजांच्या जयंतीला मोझार्ट? इथे मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाला काढली, स्वरलिपी बसवली, आणि आपण अजून व्हिएन्नाच्या गाड्या पकडतोय.

फुंकर
गाड्या दोन्हीकडच्या पकडाव्यात हो. बँड हेच मुळात बाहेरून आलेलं वाद्यवृंदाचं रूप.

काळी_पाच
भांडू नका. नाट्यपदाला माझी हरकत नाही, उलट तेच सुचवणार होतो, पण पद भावलं म्हणून नव्हे, सा कुठे पडतो ते बघून निवडा.

माझं टोपणनाव उगाच नाही. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तो लिहिलेला सी. ट्रम्पेटला सी, टेनरला सी, आल्टोला जी, बासरी-ट्रॉम्बोनला बी फ्लॅट. सगळ्यांच्या ओळीत जास्तीत जास्त दोन फ्लॅट. तेच पद गायक मंडळी काळी एकमध्ये गातात म्हणून तसंच उतरवलंत, तर बासरी आणि ट्रॉम्बोनला पाच फ्लॅट बसतात. पट्टी गायकाच्या गळ्याची असते, इथे गळा लाकडाचा आहे.

आता दुसरी गोष्ट, ब्रेक, म्हणजे क्लॅरिनेटचा खालचा आणि वरचा रजिस्टर (सुरांचा पट्टा) यांच्यामधला सांधा. लिहिलेल्या तिसऱ्या घरातल्या सी-ला सा धरला, तर सा ते तार सा हे पूर्ण सप्तक वरच्या रजिस्टरमध्ये एकसलग बसतं. जी-ला सा धरला, तर रे आणि ग यांच्यामध्येच ब्रेक येतो, आणि प्रत्येक तानेत ठेच. तिला दोन आठवडे तेच घोटावं लागेल.

दांडिया_बाजार
मग 'चंद्रिका ही जणू' घ्या. 'मानापमान', १९११, चाल गोविंदराव टेंब्यांची, राग आरभी.

काळी_पाच
अरे वा. हे नीट जुळतंय, थांबा, बोटांवर मोजून बघतो.

आरभीचा आरोह सा रे म प ध सा, अवरोहात नी आणि ग येतात, सगळे शुद्ध. सा जर सी, तर लिहिलेली ओळ सी डी एफ जी ए सी, एकही शार्प-फ्लॅट नाही.

बोटं बघा. वरच्या रजिस्टरमध्ये डी म्हणजे सहाही भोकं बंद. रे-वरून म-वर जाताना उजव्या हाताची अनामिका आणि मधलं बोट उठतं, तर्जनी राहते. म ते प, तर्जनी उठते. प ते ध, डाव्या हाताची अनामिका. ध ते तार सा, डावी मधली आणि तर्जनी. सगळी उघडी भोकं! म्हणजे बोट उचलायच्या ऐवजी भोकावरून हळूहळू बाजूला सरकवलं की मींड निघते. बोहमवर मींड येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा राग घेऊन बघावा.

एकच जागा अडते: सा ते रे. सा-ला उजव्या करंगळीची की लागते, आणि की अर्धी उघडून सूर सरकत नाही, उडी मारतो. तिथे मींड फक्त जबड्याने, म्हणजे अर्ध्या सुराची. नाहीतर सरळ कण द्या, म्हणजे शेजारच्या सुराचा नुसता स्पर्श.

मंद्र_धैवत
माझ्या नावावरून: मंद्र ध-चं काय? सा-खाली ध म्हणजे थ्रोटचा (खालच्या रजिस्टरच्या वरच्या टोकाचा) ए. सगळी बोटं दाबलेल्या सी-वरून एकदम सगळी उचलून तर्जनीने ए-ची की दाबायची. हीच ब्रेकची जगप्रसिद्ध ठेच.

काळी_पाच
बरोबर. उपाय: ए वाजवताना उजवा हात उचलूच नका. उजव्या हाताची बोटं भोकांवर तशीच ठेवून ए वाजवला तरी सूर बिघडत नाही, उलट थोडा भरीव होतो. परत सा-वर येताना डावा हातच टेकवायचा राहतो. आठवडाभर हाच सा-ध-सा, मेट्रोनोम ६० वर, मात्रेला एक सूर, मग दोन.

वर तार रे मात्र जपून. तार सा-ला फक्त अंगठा, तार रे-ला एकदम दोन्ही हातांची बोटं. घाईच्या तानेत तिथे किंकाळी फुटते. ती जागा तार सा-वरूनच परतवली तर पदाचं काही बिघडत नाही.

टाळकुटे
किंकाळीला टाळ्या जास्त पडतात असं निरीक्षण आहे.

सेव_उसळ
आल्बर्टवाले (जुन्या की-रचनेचं क्लॅरिनेट वाजवणारे) बँडवाले हे सगळं डोळे मिटून करतात राव. मींडच मींड.

काळी_पाच
करतात, कारण आल्बर्टवर कड्या आणि जोडण्या कमी, त्यामुळे बोट सरकवायला वाव जास्त. पण नऊ आठवड्यांत पद्धत बदलायला सांगणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा बदलणं.

युफोनियमवाला
सोलो ठरला असं धरून साथीकडे येतो. नाट्यपदाचं बँडीकरण फसतं ते कॉर्डमुळे. अरेंजरला वाटतं, सा आहे म्हणजे बी फ्लॅट मेजर ठोकून द्यावा. भीमपलासीत कोमल ग असतो, म्हणजे डी फ्लॅट, आणि खाली कॉर्डमध्ये डी नॅचरल. कुत्रं-मांजर. आरभी शुद्ध स्वरांचा असल्यामुळे हे संकट नाही. बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, या तीन कॉर्डवर काम भागतं.

दांडिया_बाजार
कॉर्ड लावायचेच कशाला? सा आणि प-चा खर्ज ठेवा, नुसता सतत धरलेला सूर. पदाखाली कॉर्ड म्हणजे पुरणपोळीवर सॉस.

युफोनियमवाला
पुरणपोळी एकटी खाऊन एकवीस जणांचं पोट भरत नाही. चार ट्रम्पेट आणि दोन ट्रॉम्बोन पाच मिनिटं नुसता खर्ज धरणार का? मधला मार्ग असा: सुरुवातीचा आलाप आणि अंतऱ्याची पहिली ओळ फक्त खर्जावर. युफोनियम आणि टेनरने सा, दोन खालच्या क्लॅरिनेटनी प. श्वास एकदम तोडायचा नाही, आधीच प्रतीवर पेन्सिलने खूण करून आलटून पालटून घ्यायचा. मुखडा परत येतो तिथे कॉर्ड, पण एका भागाला एकच वादक. ट्रम्पेट फक्त मुखड्याच्या शेवटच्या तुकड्याला उत्तर देतात, दोन मात्रांचं, तेही स्टँडच्या मागे बेल, म्हणजे वाद्याचं तोंड, खाली करून. सोलो संपला की मग काय ते मोकळं सोडा.

साइड ड्रमचे स्नेअर (खालच्या तारा) बंद ठेवा. स्नेअरची सळसळ नेमकी क्लॅरिनेटच्या मधल्या सुरांवर बसते आणि फुंकेचा सगळा बारकावा झाकते.

दांडिया_बाजार
ठीक. सॉस वाटीत वेगळा देताय, हरकत नाही.

पेटीवाला
नाट्यपद आणि पेटी नाही? एक पेटी घ्या साथीला, सोलोवालीला आधार होईल.

फुंकर
उघड्यावर नको. पेटीच्या पत्त्या जिथे ठरल्या तिथेच राहतात, फुंकवाद्यं हवेबरोबर चढतात-उतरतात. हवा दहा अंशांनी तापली की आवाजाचा वेग साधारण पावणेदोन टक्के वाढतो. क्लॅरिनेटच्या आत श्वासाची ऊब असल्याने तेवढं सगळं जाणवत नाही, पण डिसेंबरच्या सकाळी जुळवलेला बँड मार्चच्या संध्याकाळी पेटीच्या वर जाऊन बसतो हे नक्की. पेटी आणि बँड दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि एकत्र बेसूर. फारच हवं तर कीबोर्ड घ्या, त्याचा सूर चढवता येतो.

जुळवणीचं राहिलं. चढलेलं वाद्य उतरवायला बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) बाहेर ओढतात. एक मिलिमीटर, फार तर दोन. त्यापुढे ओढलं तर थ्रोटचे सूर सर्वांत जास्त उतरतात आणि बाकीचे मागे राहतात, म्हणजे तुमचा मंद्र ध सा-पासून तुटणार. जास्त लागलं तर उरलेलं मधल्या सांध्यावर ओढा.

जुना_वाडा
अवांतर, पण संबंधित. आपल्याकडे जुन्या घरांतून, माळ्यावरून कधी कधी जुनी क्लॅरिनेट निघतात. छान काळं लाकूड, चांदीसारख्या की. कुणी बँडसाठी दिलं तर आनंदाने घेण्याआधी सूर तपासा. इंग्रजी काळातली बरीच वाद्यं हाय पिचची असतात, ए ४५२ च्या आसपास. आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ पाव स्वर वर. बॅरल ओढून ती खाली येत नाहीत, कारण भोकांमधली अंतरंच लहान असतात. भिंतीवर लावायला उत्तम.

चिमटा
उघड्यावर आहात म्हणून: प्रत्येक स्टँडला कपड्यांचे चार चिमटे. दोन वर, दोन खाली. पान उलटायचं असेल तर सोलो पाठ हवा.

फुंकर
आणि लाकडी क्लॅरिनेट मावळतीच्या उन्हात खुर्चीवर ठेवू नका. काळं लाकूड पटकन तापतं, आतून थुंकी-वाफ, बाहेरून ऊन, आणि वरच्या जोडावर चीर. बँडमधलं कुणाचं चांगलं प्लास्टिकचं असेल तर त्या दिवशी ते, पण मग तालमीही शेवटचे तीन आठवडे त्याच्यावरच. माउथपीस मात्र स्वतःचंच ठेवायचं.

रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी) आतापासून चार फिरवा, रोज एकावर वीसेक मिनिटं. कार्यक्रमाला त्यातलं दुसऱ्या नंबरचं लावा, सर्वांत चांगलं खिशात. संध्याकाळच्या कोरड्या वाऱ्यात रीडचं टोक लाटेसारखं होतं आणि सूर फुटतो, म्हणून पाण्याची छोटी डबी जवळ हवी.

सेव_उसळ
आधी काय खाऊ नये?

फुंकर
तुमचं टोपणनाव. तिखट तेलाचा तवंग रीडवर चढला की ते रीड गेलं समजा.

टाळकुटे
बडोद्यात हे सांगायला छाती लागते.

खालचा_ई
भरपूर मिळालं. पट्टी, राग, साथ समजली. दोन शंका. माईक कुठे लावावा? आणि नाट्यपदाचे हक्क वगैरे काही आहे का?

युफोनियमवाला
माईक बेलच्या तोंडाशी नको. क्लॅरिनेटचा आवाज बहुतेक सुरांना भोकांतूनच बाहेर येतो, बेलमधून येतात ते अगदी खालचे सूर. बेलशी माईक लावला तर एखादाच सूर घुमतो आणि बाकी गायब. दोन हातांच्या मध्ये, वाद्यापासून फूटभर अंतरावर, थोडा वरून. त्याहून जवळ गेलात तर कीचा खटखटाट ऐकू येईल.

मंद्र_धैवत
हक्क: आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ मध्ये गेले. टेंबे १९५५ मध्ये. दोन्ही मोकळे. मात्र कुणी आज केलेली बँडची मांडणी विकत घेतलीत तर त्या मांडणीचे हक्क वेगळे. तिकीट नसलेल्या श्रोत्यांपुढे हौशी मंडळाने वाजवायला कायद्यात सूट आहे, पण ध्वनिमुद्रण करून इंटरनेटवर टाकणं त्यात येत नाही. गरब्यांच्या माळेत सिनेमातली गाणी असती तर तिथे अडकला असता.

काळी_पाच
एक राहिलं, शेवट. नाट्यपदाचा शेवट तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन, करायचा मोह होणार, कराच, पण मोजून लिहून द्या. सोळा मात्रांचा ठेका धरलात तर पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, परत पाच, परत एक, परत पाच. एकूण सतरा, समेपासून समेवर. बँडच्या चार-चारच्या मोजणीत पहिल्या ठोक्याला सुरू, चार बार भरून पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्याला शेवटचा सूर. ट्रॉम्बोनवाल्यांना 'तिहाई' सांगू नका, 'पाचव्या बारचा एक' सांगा.

आलापाला ताल नाही, तेव्हा हात कोण देणार तेही आधी ठरवा. सोलोवाली शेवटचा सा धरेल आणि बेल थोडी वर उचलेल, तीच खूण. कंडक्टरने तोवर हात खालीच ठेवायचे.

खालचा_ई
'चंद्रिका ही जणू', सा काळी पाच, तार रे वगळून. पहिल्या रविवारी सोलो न घेता फक्त खर्ज आणि मुखडा बसवतो, ट्रम्पेटना दोन मात्रांचं उत्तर देतो. चौथ्या रविवारपासून सोलो.

एकच अडचण. आमच्या युफोनियमवाल्याला एका श्वासात सा सहा मात्रांच्या वर जात नाही.

युफोनियमवाला
आवाज जरा कमी करा म्हणावं, आठ जातील. नाहीतर तिसऱ्या आल्टोला त्याच्याशेजारी बसवा आणि तीन-तीन मात्रांवर आळीपाळीने श्वास. आल्टोच्या प्रतीवर जी लिहा, बी फ्लॅट नाही.